चौदा मिलिमीटरचं प्रकरण

आमच्या नातवाचं, म्हणजे पिल्लूचं, डोकं मागून उजवीकडे चपटं आहे ही गोष्ट तो तीन महिन्यांचा असताना घरात अधिकृतपणे मान्य करण्यात आली. त्याआधी ती मला दिसली होती. पण मला दिसणाऱ्या गोष्टी बहुधा चष्म्याच्या असतात, म्हणून मी बोललो नव्हतो. मुलानं स्टुलावर चढून बाळाचा वरून फोटो काढला, त्यावर चौकटी आखल्या आणि खालच्या आवाजात सांगितलं की हे वर्तुळ नाही. ते वर्तुळ आहे असा दावा कुणीच केला नव्हता. तरी सगळ्यांची तोंडं उतरली.

नेहमीच्या डॉक्टरांचं म्हणणं असं पडलं की बाळ एकाच कुशीकडे मान वळवून झोपतं, त्यामुळे असं होतं. बहुतेकदा आपोआप सुधारतं. यातला ‘बहुतेकदा’ हा शब्द सूनबाईला दोन रात्री झोपू देईना. तिसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या इस्पितळाच्या शिरोआकार विभागात होतो. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरची लहान लहान डोकी ओळीनं मांडलेली होती, आणि सगळी आमच्याकडे पाठ करून होती.

तिथल्या मोजणीबाईंनी लांब पायांचा चिमटा घेऊन पिल्लूचं डोकं एकदा या तिरक्या बाजूनं, एकदा त्या तिरक्या बाजूनं मापलं आणि दोन्हींतला फरक सांगितला. चौदा मिलिमीटर. विभागाचे डॉक्टर म्हणाले की बारा किंवा जास्त असेल तर आकार सुधारणारी टोपी मंजूर होते, बाराच्या खाली काही मिळत नाही. मुलाचा चेहरा उजळला. पोरगं दोन गुणांनी वर राहून पास झालं होतं.

टोपी चार महिने, दिवसाचे तेवीस तास घालायची. उरलेला एक तास आंघोळ आणि कौटुंबिक जिव्हाळा यांसाठी. मंजुरीला दहा आठवडे लागणार होते. तोवर काय करायचं, असं सूनबाईनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, वाट पाहायची.

वाट पाहण्याच्या या काळात माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती दोघं कामावर गेली की बाळ माझ्याकडे असे. पिल्लू सदा उजवीकडे, खिडकीकडे बघत पडलेला. मी माझी खुर्ची त्याच्या डावीकडे नेली आणि हातात होतं ते मधमाशीपालनाचं पुस्तक मोठ्यानं वाचू लागलो. राणीमाशीचा मजकूर आला की तो मान वळवून माझ्याकडे बघे. जागा असला की मी त्याला खांद्यावर घेई, मांडीवर पालथा घाली. यात उपचाराचा हेतू नव्हता. असता, तर आधी मी कुणाची तरी परवानगी घेतली असती.

दहा आठवड्यांनी टोपी आली. शेवटची मोजणी म्हणून बाईंनी चिमटा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

नऊ.

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आनंदाचं असेल. माणसांच्या बाबतीत माझा अंदाज नेहमीच थोडा चुकतो.

डॉक्टरांनी फाइल उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग ते फार शांतपणे म्हणाले, “मंजुरी चौदाची आहे. टोपी चौदाची आहे. आता या नवाच्या डोक्याला मी काय करू? मधल्या काळात घरी कुणी काही केलं का?”

चोराच्या मनात चांदणं. मी सगळं कबूल केलं. मांडी, खांदा, खुर्ची, मधमाश्या. डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलं: अनधिकृत सुधारणा.

“बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं?” मुलगा म्हणाला. दहा वर्षांचा असताना त्यानं भिंतीवरचं घड्याळ खोललं होतं, तेव्हा मी त्याला याच आवाजात हेच विचारलं होतं.

डॉक्टर मात्र सज्जन निघाले. त्यांनी नियमांतून वाट काढून दिली. विकार मंजूर झालेल्या स्थितीत परत आणण्यासाठी एकवीस दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात चौदा भरले तर टोपी, नाही तर प्रकरण बंद. पुढे कधी अर्ज केलाच तर रांगेच्या शेवटी, चार हजारांच्या मागे. मुलानं लगेच खिशातून पेन काढलं. उजवी कूस, खिडकीची बाजू, उशी कडक, असं तो लिहीत गेला. तीन आठवड्यांत पाच मिलिमीटर चपटं होईल का हो, असं सूनबाईनं काळजीनं विचारलं. मनापासून केलंत तर होईल, डॉक्टर म्हणाले. फक्त आजोबांना जरा लांब ठेवा.

मी सूनबाईला हळूच म्हटलं, अगं, सुधारतंय की त्याचं.

“सुधारतंय हो बाबा. पण उद्या थांबलं तर? मोठा झाल्यावर विचारेल, आई, मिळत होती तर घेतली का नाहीस? काय सांगू मी त्याला? आजोबा पुस्तक वाचत होते म्हणून?”

तिचं चुकत नव्हतं. तिच्या जागी मीही असाच घाबरलो असतो, किंबहुना जास्तच. पिल्लू टेबलावर पालथा पडून चिमट्याचा पाय तोंडात घालायच्या खटपटीत होता. डोकं उचलून, मान दोन्हीकडे फिरवून, त्यानं आम्हां सगळ्यांना एकदा नीट पाहून घेतलं. उद्यापासून हे डोकं आम्ही सर्वानुमते परत चेपणार होतो.

कुठल्याही कार्यालयात मी आजवर ‘हो’ आणि ‘इथे सही करू का’ यांपलीकडे बोललेलो नाही. त्या दिवशी बोललो.

“माझं मोजून बघता का?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. तरी मी रेटलं. आडनाव तेच आहे, पत्ताही तोच आहे, म्हटलं. मोजणीबाईंची जेवायची सुट्टी चालू झाली होती. त्यांनी फार विचार न करता माझ्या डोक्याला चिमटा लावला.

“चौदा,” त्या म्हणाल्या. “अगदी काट्यावर.”

एकाहत्तर वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला थोडं वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला. डॉक्टरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. टोपी मोठी करता येते, म्हणाले, फाइल बदलता येत नाही. या वयात टोपीनं डोकं बदलतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, छे, तुमचं डोकं वाढायचं केव्हाच थांबलं. पण त्याचा टोपीशी काय संबंध?

तेव्हापासून मी टोपीत आहे. फाइलमधला वयाचा रकाना तसाच राहिल्यामुळे दर तपासणीला मला दात आले का असं विचारतात. गेले, असं मी सांगतो. ते ‘प्रगतीवर’ असं लिहून घेतात.

चार महिने संपले. माझं मोजलं तर चौदाच भरणार आणि विभागाला अपयश येणार, म्हणून डॉक्टरांनी निकालापुरतं पिल्लूचं मोजायला सांगितलं. तीन भरले. उपचार यशस्वी ठरला. मग त्यांनी निबंध लिहिला आणि मोठ्या परिषदेत वाचला: आजोबांनी टोपी घातल्यास नातवाच्या डोक्यात लक्षणीय सुधारणा दिसते. लांबून लांबून आलेल्या तज्ज्ञांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. माझी मुदत वाढवण्यात आली. आता विभागात पहिला प्रश्न असतो, घरात आजोबा आहेत का. ज्यांच्याकडे नाहीत ते शेजारचे आणतात. परवा एक जोडपं वृद्धाश्रमात जाऊन तीन माणसांची डोकी मापून आलं.

रविवारी पालक आमच्या घरी येतात. पिल्लूच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि मग आदरानं माझ्याकडे बघतात. मी दर वेळी धीर करून खरं काय घडलं ते सांगतो: मांडीवर घ्या, खुर्ची फिरवा, बाकी काही नाही. म्हाताऱ्याचं ऐकावं तसं ते सगळं ऐकून घेतात, मध्ये एकदा घड्याळ बघतात. मग वही काढून टोपीबद्दल विचारतात.

तुम्हीही विचारणारच, म्हणून सांगून ठेवतो. निळ्या रंगाची घ्या. आणि सकाळी सातच्या आत पोचा, नंतर रांग जिन्यावर जाते.