धाकटीच्या फोल्डरवर पहारा

फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून थोरल्या सुनेने सकाळीच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि तो सुरू केल्यावर तिला आंघोळ झाल्यासारखं बरं वाटलं. प्रोग्रॅमचं काम एवढंच होतं: दर मिनिटाला सर्व्हरला विचारायचं, धाकटीच्या जागेत 'चाळीस' नावाचं फोल्डर आहे का?

स्टुडिओला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. दर्शनी काचेत मोठा पडदा लावून त्यावर जुने फोटो फिरवायचे, असं सासऱ्यांनी ठरवलं होतं. दोघी सुनांनी आपापली मांडणी 'चाळीस' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. जिची सरस ठरेल तिच्या हाती सर्व्हरचा कारभार. तो आजवर थोरलीकडे होता. गिऱ्हाइकांचे फोटो कुठे यावेत, कुठे राहावेत, हे सगळं तिनेच जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमच्या भाषेत बसवलेलं. मुलांचा गृहपाठ आणि कुकरच्या शिट्ट्या सांभाळत ती हे शिकली होती. मग धाकटी आली, पदवी घेऊन. पहिल्याच आठवड्यात तिने तो प्रोग्रॅम वाचला आणि म्हणाली, "छान आहे ताई. साधा आहे." तो 'साधा' थोरलीच्या घशात अडकला तो अजून खाली उतरला नव्हता.

सर्व्हरने उत्तर दिलं: नाही. मिनिटाने पुन्हा: नाही. लाकडी आडोशापलीकडून धाकटीच्या टायपिंगचा आवाज येत होता. एवढं बडवतेय आणि अजून फोल्डरचा पत्ता नाही, या विचाराने थोरलीला चहासुद्धा जास्त गोड लागला. समोरची धावतच नाही तर आपण तरी कशाला धापा टाकायच्या, म्हणून तिने स्वतःची मांडणी अर्ध्यावर सोडली. त्या अर्ध्यातही बहुतेक फोटोंत मधोमध तिचा नवरा होता.

तेवढ्यात सासूबाई पदराने डोळे टिपत आल्या. धाकटीने लावलेले फोटो पाहून त्यांना भरून आलं होतं.

"आई, तिनं अजून फोल्डरसुद्धा केलेलं नाही," थोरली म्हणाली.

"अगं, मी आत्ता बघून आले."

"दुसरंच काहीतरी दाखवलं असेल. सर्व्हर खोटं बोलत नाही."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, सर्व्हरच्या लुकलुकत्या दिव्याकडे पाहिलं आणि त्या निघून गेल्या. थोरलीने मग नवऱ्याला सांगितलं. दुपारी सासऱ्यांनाही सांगितलं, तेही काळजीच्या सुरात: पोर नवीन आहे, तिच्याच्याने सुरुवातही झालेली नाही, उगाच ओझं टाकू नये. सासरे चिंतेत पडले, धाकटीच्या टेबलाशी गेले आणि बऱ्याच वेळाने नाक पुसत, गुणगुणत परत आले.

आता मात्र थोरलीने प्रोग्रॅम पुन्हा उघडला. ती कागद काढून विचार करायला बसली. तिने वापरलेली सोय साधी होती. पत्ता द्यायचा, ती फक्त होय किंवा नाही म्हणते. वस्तू नसली तर नाही, आणि दारातूनच आत सोडलं नाही तरी नाहीच. धाकटीला काम पुरं होईपर्यंत आपली जागा कुलूपबंद ठेवायची सवय होती. म्हणजे बंद दाराशी उभं राहून थोरलीने आत कोणी राहतच नाही असं गावभर सांगितलं होतं. 'नाही' का, हे सांगणारी दुसरी सोयही भाषेत होती. पण थोरलीला कारण नको होतं, 'नाही' हवं होतं.

तिने सर्व्हरच्या मालकिणीचे, कुठलंही कुलूप उघडणारे अधिकार वापरून प्रोग्रॅम पुन्हा चालवला, आणि सारखं बघायला नको म्हणून उत्तर फोनवर बोलून दाखवायची सोय केली. तेवढ्यात निकालाची हाक आली, म्हणून फोन पर्समध्ये टाकून ती उठली; फोल्डर सापडलं की थांब, हे सांगायचं मात्र त्या घाईत राहून गेलं.

संध्याकाळी निकालासाठी सगळे बाहेरच्या खोलीत जमले. सासरे घसा खाकरून उभे राहिले.

"आहे," थोरलीची पर्स म्हणाली.

"काय आहे?" नवऱ्याने विचारलं. थोरली पर्सची चेन ओढू लागली. चेन अडकली. सासऱ्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि पर्स पुन्हा म्हणाली, "आहे."

धाकटीने मान वळवून जावेकडे पाहिलं. मग लोण्यासारख्या आवाजात म्हणाली, "बाबा, ताईंचा प्रोग्रॅम आहे तो. माझं फोल्डर जागेवर आहे का, ते दर मिनिटाला बघतो. मला आत्ताच सर्व्हरवर दिसलं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं थोरलीला झालं. पण सासरे घराबाहेर पडताना तीनतीनदा कुलूप ओढून बघणारे होते. त्यांचा चेहरा उजळत गेला.

"दर मिनिटाला? दुसरीच्या कामाची एवढी काळजी?" ते बायकोकडे वळले. "आणि आपण हिला मत्सरी समजत होतो."

"आपण नाही, तुम्ही," सासूबाई म्हणाल्या.

निकाल असा लागला: काचेत धाकटीची मांडणी, पण सर्व्हर थोरलीकडेच. ज्याची राखण आपलंच समजून करायची असते ते अशाच बाईच्या हाती द्यावं, असं सासरे म्हणाले. शिवाय ते 'आहे' त्यांनाही फोनवर हवं होतं. धाकटी हसली, पण हसताना तिची नजर सर्व्हरच्या खोलीच्या चावीवर होती, आणि थोरलीला ते हसणं दिवसभरातलं सगळ्यात गोड वाटलं.

आता काचेसमोर लोक थांबतात आणि धाकटीचं कौतुक करतात. मागच्या खोलीत थोरली जीव मुठीत धरून त्या 'आहे'ची वाट पाहते, कारण एकदा जरी ते चुकलं तरी सासऱ्यांचा फोन येतो. परवा धाकटी स्वतःच्याच मांडणीतले दोन फोटो बदलायला म्हणून आली, तर थोरली खुर्चीतून उठून आडवी उभी राहिली.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. "माझं आहे ते."