बिनपाण्याचा फिश टँक

साडूच्या घरी गेल्यावर माणसाने समोर येईल ते खावं, पडदे छान आहेत म्हणावं आणि मुकाट्याने परत यावं. आमच्या साहेबांना एवढंही जमलं नाही. साडूने हौसेने दाखवलेल्या फिश टँकपुढे ते वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि टँकच्या तळाशी पसरलेला बुटक्या पाणझाडांचा हिरवागार गालिचा बराच वेळ न्याहाळला. सगळे कौतुकाच्या शब्दाची वाट पाहत होते.

"उजव्या कोपऱ्यात जरा विरळ आहे," साहेब म्हणाले.

"मग तुम्ही लावून दाखवा ना दाट!" साडू हसत म्हणाला. मेहुणीही हसली. साडूचं हसणं एक वेळ चाललं असतं, पण मेहुणीचं मनाला लागलं. परतीच्या वाटेवरच साहेबांनी ठरवून टाकलं, की आपल्याही घरी गालिचा येणार.

आता यात साहेबांचा तरी काय दोष? प्लास्टिकच्या बादल्यांच्या कारखान्यात ते माल तपासायचे. बादलीत खोट दिसली, की तिच्या कडीला लाल कापडी पट्टी बांधायची, पट्टीवर 'कारण' लिहायचं आणि कामगारावर ओरडायचं, "बाहेर पाठवण्याआधी तपासत नाही का?" कामगार त्यांना पाठीमागे 'लालपट्टी' म्हणत. (साहेबांचा समज असा, की पाठीमागे आपल्याला 'कडक पण न्यायी' म्हणतात.) पट्ट्यांचा गठ्ठा घरीही खिशातच असे. उशीचा अभ्रा, घडी घातलेली चादर, बायकोच्या बहिणीने दिलेलं घड्याळ, काहीही त्यातून सुटलं नव्हतं.

टँक ठेवायला घरात जागा एकच होती. खिडकीजवळचा कोपरा, आणि तिथे बायकोचं शिलाई मशीन होतं. बायको आजूबाजूच्यांचे कपडे शिवून द्यायची आणि त्या कोपऱ्यातल्या उजेडावर तिचं सगळं काम चालायचं.

"मशीन आतल्या खोलीत हलवू," साहेब म्हणाले.

"आतल्या खोलीत दिवसा माणूस दिसत नाही, सुईचं नाक कुठून दिसणार?"

"थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

"ठीक आहे. गालिचा आला, तर कोपरा कायमचा तुमचा. नाही आला, तर इथे काय राहील आणि काय जाईल, ते मी ठरवणार."

"मंजूर!" साहेब म्हणाले. आपण हरू शकतो ही शक्यता त्यांनी तपासलीच नव्हती.

माशांच्या दुकानदाराने त्यांना आधी लाईट विकला. "साहेब, उजेड कमी पडला तर ही झाडं उजेड शोधत उंच वाढतात. गालिचा हवा तर लाईट जोरदार पाहिजे." लाईट एवढा जोरदार निघाला, की समोरच्या बिल्डिंगमधल्यांनी दुसऱ्याच दिवशी जाड पडदे लावले. लाईटवर चार मासे फुकट मिळाले. रोपांची वेळ आली तेव्हा मात्र साहेबांनी एकेक जुडी हातात घेऊन नाकारायला सुरुवात केली. हिची पानं पिवळी, हिच्यात गोगलगाय, ही एका बाजूला झुकलेली.

"बी नाही का?" त्यांनी विचारलं.

"याचं बी कोणी विकत नाही, साहेब. रोपंच लावतात."

दुकानदाराला रोपं खपवायची आहेत हे साहेबांनी ताबडतोब ओळखलं. रात्रीच ऑनलाईन बियांचं पाकीट मागवलं. पाकिटावर सोनेरी गोल शिक्का होता आणि त्यात लिहिलं होतं, 'तपासलेला उत्तम माल'. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांनी एखादी वस्तू न तपासता पास केली.

टँकमध्ये माती घालायची, बी पेरायचं, नुसता ओलावा ठेवायचा, वरून प्लास्टिक ताणायचं आणि गालिचा धरला की मगच पाणी भरायचं, असं त्यांनी मोबाईलवर वाचलं. त्यामुळे टँकमध्ये चिखल आणि मासे बाथरूममधल्या बादलीत, अशी घराची नवी व्यवस्था झाली. ही बादली साहेबांनीच कधीतरी नापास केलेली आणि फुकटात घरी आणलेली होती. आजवर ती थेंबभरही गळली नव्हती. अंघोळ करणाऱ्याने आधी आवाज द्यायचा, "मासे कोणत्या बादलीत?" आणि उत्तर आल्याशिवाय तांब्या बुडवायचा नाही.

बायको आतल्या खोलीत अंधुक बल्बखाली शिवत राहिली. एकदा एका बाईच्या ब्लाउजची बाही वाकडी बसली. बाई घ्यायला आली तेव्हा साहेब तिथेच होते. त्यांनी ब्लाउज उचलला, खिशातून लाल पट्टी काढली आणि त्या बाईच्या देखत बाहीला बांधली. "कारण : टाका वाकडा," ते लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले. "बाहेर देण्याआधी तपासत नाहीस का गं?"

बायकोचा चेहरा लाल झाला. तिने पट्टी सोडली, बाही उसवली, पुन्हा शिवून दिली. पट्टी मात्र तिने फेकली नाही. त्या दिवसापासून संध्याकाळ झाली, की ती मशीन ओढत बाहेर आणायची आणि टँकच्या झगमगाटात शिवत बसायची. साहेबांना वाटलं, हिलाही गालिच्याची गोडी लागली.

गालिचा आला, तो मात्र जोरात आला. काही दिवसांत मातीचा कणही दिसेना. साहेब पाहुण्यांना खुर्चीवर बसवून टँक दाखवायचे. "मासे कुठे आहेत?" पाहुणे विचारायचे. "बाथरूममध्ये," साहेब सांगायचे, आणि मग पाहुणे फार वेळ थांबायचे नाहीत.

अखेर साडू आणि मेहुणीला बोलावणं गेलं. पाणी त्यांच्यासमोरच भरायचं, असा साहेबांचा थाट.

"बघा हं, साडूभाऊ. विरळ दिसतंय का कुठे?"

"छे! एकदम दाट," साडू प्रामाणिकपणे म्हणाला.

साहेबांनी ते वाक्य मेहुणीला ऐकू गेलं का ते पाहून घेतलं आणि जोशात पाणी ओतलं. पाणी निम्म्यावर आलं आणि गालिच्याची एक कड सुटली. मग दुसरी. मग अख्खा गालिचा, एकसंध, पाण्याबरोबर वर आला आणि वरच तरंगत राहिला. खाली नुसता चिखल.

"हे काय, गालिचा छताला लावलात?" मेहुणीने विचारलं.

साडूने एक पान चुरगळून हुंगलं. "अहो, हा जमिनीवरचा पाला आहे. पाण्यात चार दिवसांत कुजेल. पाकीट तपासलं नव्हतंत?"

"त्यावर शिक्का होता!"

"शिक्का कोणी मारला होता?"

साहेबांना उत्तर माहीत होतं. ज्याने पाकीट विकलं, त्यानेच.

साडू म्हणाला त्यापेक्षा लवकरच पाला कुजला आणि घरभर असा वास सुटला, की मासे बादलीसकट साडूकडे गेले आणि टँक माळ्यावर. मशीन खिडकीत परत आलं.

"लाईट तरी परत करू," साहेब पडेल आवाजात म्हणाले.

"लाईट राहील," बायको म्हणाली. "लाईट पास आहे." त्या रात्री ती उशिरापर्यंत त्याखाली शिवत होती.

दुसऱ्या दिवशी साहेब कारखान्यात नेहमीप्रमाणे फिरले. लोक आज फारच अदबीने वागत होते. ते जवळ गेले की बोलणं थांबायचं, पाठ वळली की खोकल्याची साथ यायची. कडकपणाचा परिणाम, साहेब समजले.

संध्याकाळी फाटकावरच्या वॉचमनला राहवलं नाही. "साहेब, पाठीवर ते सकाळपासून आहे. आम्हाला वाटलं, तपासणीचा नवीन नियम असेल."

साहेबांनी तिथेच शर्ट काढला. कॉलरखाली लाल पट्टी शिवलेली होती, आणि तिच्यावर बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कारण : बाहेर पाठवण्याआधी तपासलेला नाही.'

त्यांनी ओढून पाहिलं, नखाने उसवून पाहिलं. पट्टी हलेना. मग बनियनवर उभ्या उभ्या, निव्वळ सवयीने, त्यांनी ती शिवण उजेडाकडे धरली आणि वाकडा टाका शोधू लागले. वॉचमनने दिवसपाळीच्या सगळ्यांना बाहेर सोडलं, रात्रपाळीच्या सगळ्यांना आत घेतलं, तरी साहेबांना एकही सापडला नाही.