आत्मविश्वास उपसमितीची जपानी गाणी

गोष्ट २०२३ सालची. गाणं ही कला गाणाऱ्याच्या आनंदासाठी नसून ऐकणाऱ्याला सुधारणा सुचवता याव्यात यासाठी निर्माण झाली आहे, हे मराठी समाजाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अमेरिकेतल्या चँडलर गावच्या मराठी मंडळालाही ते ठाऊक होतं. तरीसुद्धा मंडळातल्या बारा ते पंधरा वयाच्या मुलांनी कार्यक्रमात गाणं बंद केलं होतं, आणि सुधारायला कुणी उरलं नव्हतं. परिस्थिती गंभीर होती.

शोभनाआजींच्या घरात ती जास्तच गंभीर होती. आजी मूळच्या अकोल्याच्या. मुलगा संजीव चिप बनवणाऱ्या कंपनीत, सून रुपाली घरूनच नोकरी करणारी (म्हणजे दिवसभर हेडफोन लावून "माझी स्क्रीन दिसतेय का" असं भिंतीला इंग्रजीत विचारणारी). घरात आवाज म्हणावा असा एकच होता, नात रुहीचा. ती पोर बोलायला लागल्यापासून दात घासताना, मोजे शोधताना, फ्रीजचं दार उघडं टाकून आत बघत असताना गायची. आजींची दुपारची झोप त्या आवाजाच्या आधाराने लागायची.

मग आदल्या वर्षीच्या गणपतीत रुहीने स्टेजवर एक भक्तिगीत म्हटलं. गाणं बरं झालं. स्टेजपासून मोदकांचं टेबल काही लांब नव्हतं, पण तेवढ्या अंतरात तिला भरपूर मार्गदर्शन लाभलं. एका काकूंनी तिचा 'ळ' जागेवर बसवून दिला. दुसऱ्यांनी पट्टी उतरवली. एका काकांनी, मूळ गायिका त्या ओळीत श्वास घेत नाही, अशी आठवण करून दिली (रुहीने घेतला होता). आणि संध्याकाकूंनी, गाण्याच्या तीन परीक्षा पास असल्यामुळे, "छान हं बेटा!" म्हणून अख्खं गाणंच नीट करून दाखवलं. सात कळ्यांचे सुबक मोदक रुहीच्या ताटात तसेच राहिले.

त्या दिवसापासून घर गप्प झालं. विचारलं की रुही म्हणायची, "आय डोन्ट सिंग, आजी." तेराव्या वर्षी निवृत्त झालेलं माणूस आजी प्रथमच पाहत होत्या. तो आवाज घरात परत यावा, एवढंच त्यांना हवं होतं.

मंडळाने आत्मविश्वास उपसमिती नेमली. अध्यक्ष संध्याकाकू, आकडेवारी त्र्यंबककाकांकडे. मुलांच्या आत्मविश्वासात चौसष्ट टक्के घट झाल्याचं त्यांनी रंगीत आलेखाने सिद्ध केलं (कशाच्या चौसष्ट टक्के, हे विचारणाऱ्याला पुढच्या उपसमितीत घेतलं नाही). आत्मविश्वास गेला कुठे, हे शोधणं उपसमितीच्या कक्षेत येत नव्हतं.

जूनमध्ये रुहीच्या मैत्रिणी घरी जमल्या. बाहेर ऊन असं की टपालपेटीला हात लावायची सोय नव्हती. पोरी वरच्या खोलीत. पिझ्झा गार होतोय म्हणून सांगायला आजी जिना चढल्या आणि दाराशी थबकल्या. आत कॅराओके चालू होतं, आणि रुही गात होती! मोकळा, भरलेला आवाज. भाषा जपानी. कुठल्याशा कार्टूनमधलं गाणं, एका हरवलेल्या छत्रीबद्दल. शब्द पडद्यावर इंग्रजी अक्षरांत सरकत होते आणि दर दोन ओळींनी नुसतंच 'ला ला ला' होतं.

"आजी! तू ऐकत होतीस?"

"अगं, मला मेलीला कुठे काय कळतंय त्यातलं!"

"एग्झॅक्टली," रुही म्हणाली, आणि तिने दुसरं गाणं लावलं.

आजींना अकोल्याची त्यांची गल्ली आठवली. रेडिओवर खरखरीत ऐकलेली गाणी सगळी गल्ली अर्ध्याअधिक चुकीच्या शब्दांनी म्हणायची. बरोबर शब्द कुणालाच माहीत नव्हते, त्यामुळे सगळेच उत्तम गायचे. आजी आनंदाने खाली आल्या, आणि त्याच आनंदात त्यांनी उपसमितीला फोन केला.

उपसमितीने तातडीने ठराव केला. ज्यांना गाण्याची भीती वाटते अशा मुलांसाठी सोपी जपानी गाणी निवडावीत. सोपं गाणं म्हणजे ज्यात शब्द थोडे, सूर फार वर जात नाही, मध्येच टाळ्या असतात, आणि (हे कलम आजींच्या आग्रहावरून आलं) जे सभागृहात कुणालाही कळत नाही.

जुलैतला पहिला कार्यक्रम दणक्यात झाला. भिंतीला टेकून फोन बघणारी मुलं रांगेत उभी राहिली. रुहीने छत्रीचं गाणं म्हटलं आणि शेवटच्या 'ला ला ला'ला हातही हलवला. आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या झाल्या. मंडळी काहीतरी बोलू पाहत होती आणि त्यांना काही सुचत नव्हतं. मोठ्या माणसांचे चेहरे शिंक अडकल्यासारखे झाले.

"छान झालं," त्र्यंबककाका शेवटी म्हणाले. "पण बरोबर झालं का?"

कुणालाच सांगता येईना. मुलांना आपण असं वाऱ्यावर सोडणं योग्य नाही, यावर एकमत झालं, आणि पुढच्याच आठवड्यात पालकांसाठी जपानीचा ऑनलाइन वर्ग सुरू झाला. उपस्थिती मंडळाच्या इतिहासात विक्रमी होती. (मुलांच्या मराठी शाळेला तेव्हा शिक्षक मिळत नव्हते.) संजीव कामावर जाताना गाडीत धडे ऐकू लागला. रुपाली भिंतीला जपानीतून स्क्रीनबद्दल विचारू लागली.

"संध्याताई," आजी एकदा फोनवर म्हणाल्या, "नाही शिकलं तर नाही का चालणार?"

"अहो मावशी, मुलांसाठीच तर करतोय ना सगळं! नाहीतर मला काय हौस आहे?"

गणपती आले. रुही पुन्हा स्टेजवर गेली, पुन्हा छत्री हरवली, पुन्हा हात हलवला. उतरून ती मोदकांच्या टेबलाकडे निघाली. संध्याकाकू आधीच तिथे उभ्या होत्या.

"छान हं बेटा! फक्त तो 'त्सु' आहे ना, तो जिभेच्या टोकावर घ्यायचा. आणि शेवटचा 'ओ' लांबतो. आमच्या वर्गाच्या सेन्सेई म्हणतात..."

"काकू, दॅट वॉज द वन थिंग..." रुही म्हणाली. वाक्य तिने पुरं केलं नाही. ताट टेबलावर ठेवलं आणि गाडीत जाऊन बसली. (वाक्य अपूर्ण राहिल्याचं त्र्यंबककाकांनी निदर्शनास आणलं.)

पुढे संध्याकाकू जपानला जाऊन आल्या आणि क्योतोच्या हॉटेलातल्या मुलीचे उच्चार सुधारून आल्या. त्र्यंबककाकांचा आलेख दुसऱ्या दोन मंडळांनी मागवून घेतला. संजीव आणि रुपाली एकमेकांना "स्टेशन कुठे आहे" हे अस्खलित विचारू शकतात. चँडलरला स्टेशन नाही. उपसमिती यशस्वी झाल्यामुळे कायमस्वरूपी करण्यात आली.

रुही आता सोळा वर्षांची आहे. लायसन्स मिळालंय. शनिवारी ती आजींना भाजीला घेऊन जाते, आणि गाडी मोठ्या रस्त्याला लागली, काचा वर झाल्या, की गाते. कुठल्या भाषेत, हे आजींनी विचारलेलं नाही. एखादा सूर घसरला की आजींच्या जिभेवर काहीतरी येतं. मग त्या पर्समधली डबी काढतात, आवळासुपारी तोंडात टाकतात आणि बाहेरचे निवडुंग बघतात. घरी कुणाला त्या यातलं काही सांगत नाहीत.

राहता राहिले वाचक. मोदकाला सातच कळ्या म्हणजे फारच कमी, निदान अकरा तरी हव्यात, हे ज्यांच्या मनात मघाशीच येऊन गेलं, त्यांची नावं उपसमितीकडे पोचली आहेत. बैठक पहिल्या रविवारी असते. जपानीची सक्ती नाही.