महालकऱ्यांची चार जठरे

मराठीत सांगता येणार नाही अशी एकही वस्तू ईश्वराने निर्माण केलेली नाही, असे चौकच्या शाळेचे वाल्मिक मास्तर नेहमी म्हणत. म्हणताना डोळे मिटून घेत. बैलाच्या पोटाशी आले तेव्हा त्यांना ते उघडावे लागले.

त्याचे असे झाले. भाताची झोडणी आटोपली की खालापूरला गुरांचे आणि आरोग्याचे प्रदर्शन भरायचे होते. त्यासाठी मुंबईहून कापडावर रंगवलेली दोन मोठी चित्रे आली. एक माणसाच्या पचनसंस्थेचे, दुसरे बैलाच्या. दोन्हींत ना माणूस होता ना बैल. नुसत्या पिशव्या आणि नळ्या. सोबत अवयवांच्या नावांचा इंग्रजी कागद होता. त्याचे मराठी करण्याचे काम खालापूर महालाचे महालकरी रावसाहेब पोतनीस यांनी मास्तरांवर सोपवले.

मास्तर हरखून गेले, आणि ते केवळ भाषेच्या प्रेमाने नव्हे. बदल्यांचे दिवस जवळ आले होते आणि यंदा दूरच्या म्हसळ्याची पाळी आपली, अशी कुणकुण त्यांना लागली होती. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी मागच्याच बदलीत पाटा-वरवंटा गाडीत चढवताना जाहीर केले होते की पुढची बदली तुम्ही एकट्याने करायची. आनंदीबाई बोलल्या की ते झाले असे समजायचे. दुसऱ्याच्या हातचे जेवण मास्तरांना पचत नसे. रावसाहेबांनी वर एक शब्द टाकला असता तर बदली टळली असती. थोडक्यात, बैलाच्या पोटावर मास्तरांचे स्वतःचे पोट अवलंबून होते.

माणूस एका बैठकीत उरकला. अन्ननलिका, जठर, यकृत, आतडी. सगळी नावे आधीपासून तयार. बैलाने मात्र अडवणूक केली. त्याला एकाऐवजी चार जठरे निघाली. मास्तरांनी पहिल्याला रोमंथकोश म्हटले. दुसरे आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे, म्हणून तो जालकोश. चौथा पाचककोश. तिसऱ्यात एकावर एक पडदे होते, आणि त्याला शोभेसा शब्द काही केल्या सुचेना. लोकांत काय म्हणतात ते पाहावे म्हणून त्यांनी खाटकाला विचारले. त्याने चारींना मिळून वजडी म्हटले आणि किती शेर बांधू असे विचारले.

शेवटी मास्तर कर्जतच्या एका शास्त्रीबुवांकडे निघाले. जाताना दोन्ही चित्रे त्यांनी गजा रंगाऱ्याच्या हवाली केली. गजा चौकला बैलगाड्यांच्या पाट्या रंगवी. कोणत्या पिशवीवर कोणते नाव घालायचे ते मास्तरांनी आकड्यांनिशी समजावले आणि तिसरी पिशवी कोरी ठेवायला सांगितली. मथळे दोन : ‘मनुष्य’ आणि ‘बैल’. कोणता मथळा कोणावर, हे त्यांनी सांगितले नाही. एवढे कोणालाही कळेल, असे त्यांना वाटले.

गजाला कळले नाही. तो चित्रे घेऊन मास्तरांच्या ओसरीवर आला.

“बाय, यातला मानूस कंचा नि बैल कंचा?”

आनंदीबाई वाल सोलत होत्या. त्यांनी हात न थांबवता दोन्ही चित्रे न्याहाळली.

“बैल काय खातो रे?”

“गवत. नायतर पेंढा.”

“म्हणजे एकच जिन्नस. त्याला एक पिशवी पुरे. माणूस भात खातो, वाल खातो, सुकट खातो, लग्नात लाडू खातो, वर विडा खातो. एवढं सगळं एकात कालवलं तर काय होईल? चार पिशव्यांचा तो माणूस.”

गजाला हे तंतोतंत पटले. त्याने चार पिशव्यांच्या चित्रावर ठळक लाल अक्षरांत ‘मनुष्य’ असे रंगवले आणि न सांगितलेली एक वेलबुट्टीही काढून दिली.

प्रदर्शनाच्या दिवशी तंबूत सर्वांत जास्त गर्दी माणसापुढे होती. कळंबचा नामा आपल्या बायकोला, जनीला, घेऊन पुढेच उभा होता. पिशव्यांची नावे मोठ्याने वाचून दाखवायला एक पट्टेवाला होता.

“अवो, आपली वजडी तर बकऱ्यावानीच हाय,” जनी म्हणाली.

“सरकारनं बघितल्याबिगर लिवलंय व्हय गं?”

“आन् बैलाला एकच? मंग दिसभर खातो त्ये जातं कुटं?”

“जागा पुरत नाय, म्हून तर परत तोंडात आनतो,” नामा म्हणाला. आजूबाजूच्या मंडळींना हे एकदम उलगडले. गुरे रवंथ का करतात हे कोडे पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. ते खालापुरात असे सुटले.

त्याच वेळी वाल्मिक मास्तर कर्जतहून आले. शास्त्रीबुवांनी दोन दिवस पाहुणचार करून ‘पर्णकोश’ हा शब्द दिला होता, आणि तो वाटेत सांडेल या भीतीने मास्तर तो पुटपुटतच तंबूत शिरले. मथळा पाहिला आणि पुटपुटणे थांबले. ते गजाला शोधायला वळणार, तोच दस्तुरखुद्द रावसाहेब समोर उभे.

रावसाहेबांच्या पोटाची कीर्ती महालभर होती. आंबट ढेकर, जळजळ, फुगारा. सुंठ झाली, हिंग झाला, पुण्याचे वैद्य झाले, अलिबागचे मोठे डॉक्टर झाले. डॉक्टरांनी तपासून काहीच नाही म्हणून सांगितले होते, आणि ते रावसाहेबांना दुखण्यापेक्षा जास्त लागले होते. आज त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या जुन्या खटल्यात अखेर साक्षीदार सापडावा तसे तेज होते.

“मास्तर, एका जठराचं हे दुखणं नव्हेच, असं मी पहिल्यापासून म्हणत होतो,” ते म्हणाले. “एक जठर एवढं दुखेलच कसं? पण ही तिसरी पिशवी कोरी का?”

“तिचं नाव अजून... ठरत होतं, रावसाहेब.”

“माझं दुखतं ते तिथंच,” रावसाहेब कुशीत बोट रोवून म्हणाले. “म्हणून तर आजवर कुणाला नाव सांगता आलं नाही.”

मास्तरांच्या डोळ्यांपुढे म्हसळा उभा राहिला. शास्त्र नवीन आहे, एवढेच ते बोलले. तेवढ्यात रावसाहेबांचे बोट पहिल्या पिशवीवर गेले. तिथे मास्तरांच्याच शब्दांत लिहिले होते की येथून घास पुन्हा तोंडात येतो व सावकाश चावला जातो. हे आपल्या बाबतीत कधी घडले नाही, दुखण्याचे मूळ हेच असावे, तर घास परत आणायचा कसा, असे त्यांनी गंभीरपणे विचारले.

कचेरीत बसून रावसाहेब तो प्रयत्न करत आहेत हे चित्र मास्तरांना सहन होईना. “माणसानं ते आधीच उरकून घ्यावं,” ते घाईने म्हणाले. “पहिल्याच खेपेला इतकं चावावं, की घासाला परत यायचं कारणच उरू नये.”

दुसऱ्या दिवसापासून रावसाहेब चावू लागले. आजवर ते जेवण तुंबलेल्या दप्तरासारखे एकदम निकालात काढत. आता घास तोंडात घेऊन, डोळे अर्धे मिटून, ते खिडकीबाहेर पाहत राहत. जेवण उतरत्या उन्हापर्यंत चाले. दावे पुढे ढकलले गेले. साहेब चावतात म्हणून दोन्ही कारकून चावू लागले, आणि शिपाई तर जेवण नसतानाही चावी. कचेरीबाहेर झाडाखाली पक्षकार बसत, त्यांचे सोडलेले बैल बसत, आणि आत-बाहेर एकच शांतता असे.

आणि रावसाहेबांचे पोट थांबले. ढेकर गेले, जळजळ गेली. त्यांनी मास्तरांना बोलावून सांगितले की म्हसळ्याची काळजी सोडा. मास्तरांनी घरी येऊन ते सांगितले. आनंदीबाईंनी त्या दिवशी घावन केले.

इथेच सर्व थांबते तर बरे होते. पण रावसाहेबांना कृतज्ञतेचा झटका आला. ते चित्र अलिबागच्या मोठ्या डॉक्टरांना भेट पाठवायचे त्यांनी ठरवले. खाली मास्तरांचे नाव, वर ‘मनुष्य’. गाडी सकाळी निघणार होती.

मास्तरांनी रात्रभर दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्ही बाजूंना म्हसळाच होता; पण एका बाजूला रावसाहेबांचीही जिल्हाभर शोभा होती. सकाळी ते कचेरीत गेले. रावसाहेब न्याहारीचा पहिला घास चावत होते. मास्तरांनी उभ्या उभ्या सगळे सांगितले. गजा, मथळा, आनंदीबाई, वाल.

रावसाहेबांचे चावणे थांबले.  गालातला घास त्यांनी तसाच गिळला.

“म्हणजे मला एकच?”

“एकच, रावसाहेब.”

“आणि बैलाला चार?”



“चार. पण आपल्याला गुण आला तो चावण्याचा,” मास्तर धीर करून म्हणाले. “तेवढं चालू ठेवावं.”

“तो रवंथ होता,” रावसाहेब म्हणाले. “बैलाचा. मी या महालाचा महालकरी आहे.” आणि उरलेली न्याहारी त्यांनी तिथल्या तिथे, पूर्वीच्या वेगाने, निकालात काढली.

गजाने मथळे बदलले. नामा पुन्हा बाजाराला आला तेव्हा ते पाहून म्हणाला की सरकारनं आठवड्यात आपली तीन पोटं काढून बैलाला दिली, आता काय बोलणार. आनंदीबाईंनी हार मानली नाही. चित्र बरोबरच होते, देवानेच वाटप करताना घोटाळा केला, असे त्यांचे म्हणणे पडले.

वर टाकायचा शब्द रावसाहेबांनी टाकला नाही. बदलीचा हुकूम आला, मास्तर एकटे गेले, पाटा-वरवंटा चौकला राहिला. रावसाहेबांची जळजळ परतली होतीच. म्हसळ्याच्या खाणावळीत पहिल्याच महिन्यात मास्तरांनाही आंबट ढेकर सुरू झाले.

माणसाला जठर एकच असते.