पुढचं डोकं

आदेशच्या मानेपासून टाळूपर्यंत केसांतून मशीनचं, नांगराचं निघावं तसं सरळ तास निघालं, तेव्हा राजुरीतल्या त्या घरातली सगळी माणसं तिथं हजर होती आणि चूक दुसऱ्याची आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. वेगळं मत फक्त शौर्यचं. वय वर्षं दहा, मशीन त्याच्याच हातात. तो म्हणाला, "माझा हात हलला."

हात का हलला, हे त्यानं सांगितलं नाही. खरं तर सांगण्यासारखं होतं. त्याचे आजोबा कुंडलिकराव गोठ्यातून आले, धाकट्या मुलाची मान नातवाच्या हातात बघितली आणि पाठीमागून ओरडले, "आरं थांब!" बैलाला थांबवायच्या आवाजात. बैल थांबला असता. मशीन टाळूपर्यंत गेलं.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ओतूरचे पाहुणे घर बघायला येणार होते. आदेश बत्तिशीला टेकला होता. नाव काढावं असा टोमॅटोचा प्लॉट, दाराशी पिकअप, सुपारीचंही व्यसन नाही. पण 'मुलगा काय करतो' याला 'शेती करतो' असं उत्तर गेलं की पलीकडच्या फोनची रेंज जायची. ती यंदा पहिल्यांदाच टिकली होती. मुलगी तेजस्विनी, ओतूरला तिचं स्वतःचं ब्युटी पार्लर. 'घर बघायला मीही येणार, राहायचं मला आहे' असं तिनं कळवलं, तेव्हा ते कुंडलिकरावांना खटकलं आणि त्यांच्या बायकोला, सारजाबाईंना, आवडलं. त्या घरात बहुतेक गोष्टींचं असंच व्हायचं.

आदेशला फक्त मानेवरचं साफ करून हवं होतं. सोमवार असल्यामुळं भागूचं सलून बंद. आणि घरात एक शिकाऊ कारागीर होता.

शौर्यची शाळा हे कुंडलिकरावांचं जुनं दुखणं. ती गावाबाहेर, कांदे साठवायच्या जुन्या बराखीत भरायची. कांद्याला लागते तेवढी हवा पोरांनाही लागते, असं तिथल्या शिक्षिका रत्नाबाईंचं म्हणणं. तिथं घंटा नव्हती, छडी नव्हती, आणि आठवड्यातले दोन दिवस पोरानं गावात आपला गुरू आपणच शोधायचा होता. कुणी विहिरीच्या जळलेल्या मोटारींचं वाइंडिंग भरणाऱ्याकडं गेलं, कुणी रोपवाटिकेत. शौर्यनं भागू निवडला. तेव्हापासून कुंडलिकराव सलूनपुढची वाट टाळून चावडीकडं जात.

"लोकांची पोरं कॉम्प्युटर शिकत्यात, आमचं रत्न कल्ले मारतंय," असं ते सुनेला बरोबर ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायचे.

सून प्राची, शौर्यची आई. तिनंच त्याला तिथं घातलं होतं. "आबा, आधी याला शाळेत ढकलावं लागायचं. आता रविवारी रात्री विचारतो, उद्या शाळा हाय ना?"

"मग? मी बी पोरपणी जत्रंची वाट बघायचो. त्याला काय शिक्षण म्हणायचं?"

मशीन लावण्याआधी शौर्यनं शाळेच्या रिवाजाप्रमाणं आदेशला बजावलं होतं, "काका, मानेवरचं मला येतं. कानामागचं अजून येत नाही." आदेश म्हणाला होता, "येत न्हाई ते करू नको." करार स्वच्छ होता. कुंडलिकराव त्या करारात नव्हते.

आता सगळे एकदम बोलत होते. शौर्य मात्र काकाच्या डोक्याभोवती हळूहळू फिरत होता. चूक झाली की आधी ती नीट बघायची, रडायचं ते मग, असं रत्नाबाई सांगायच्या. बघून झाल्यावर तो म्हणाला, "दोन मार्ग आहेत. टोपी, नाहीतर झिरो."

टोपी घालून बघितली. आदेश मतं मागायला आल्यासारखा दिसू लागला. मग झिरो. पहिलंच आख्खं डोकं. निम्मी उगवण झालेल्या वावरासारखं दिसत होतं. कुठं खुंट, कुठं चकाकी.

"पावणं इचारतील, याला काय झालं?" थोरला मुलगा भरत म्हणाला. तो शौर्यचा बाप.

कुंडलिकरावांनी विचार केला. ते विचार करायला लागले की घरातली माणसं सावध होत. "एकच टकला असला की खोड दिसती," ते म्हणाले. "समदं घर टकलं असलं की रीत वाटती."

भरत दोन पावलं मागं सरकला.

"बस," कुंडलिकराव म्हणाले. भरत बसला.

"आन् सांगायचं काय?" सारजाबाईंनी विचारलं.

"ओझरच्या गणपतीला नवस व्हता म्हणायचं."

"त्यो मोदक मागतो. केस मागणारा देव तिकडं तिरुपतीला."

"मग तिरुपती."

भरतचं डोकं पहिल्यापेक्षा बरं उतरलं, पण उतरलंच. स्वतःचे केस गेले की माणूस दुसऱ्याच्या बाबतीत कडक होतो. तो उठून म्हणाला, "आबा, आता तुमी. तिरुपतीला मिशी बी ठेवत न्हाईत."

कुंडलिकरावांची मिशी सारजाबाईंच्या आधीपासून त्या घरात होती. ते बराच वेळ आपल्याच बोलण्यातून वाट शोधत राहिले. सापडली नाही. खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले. शौर्यनं त्यांची मान दोन बोटांनी हळूच पुढं झुकवली, जशी भागू झुकवायचा, आणि या खेपेला मशीन कुठं अडलं नाही, कुठं उडालं नाही. कुंडलिकरावांनी आरशात बघितलं, खोट काढावी म्हणून सगळीकडून बोटं फिरवली. डोकं घासलेल्या तांब्यासारखं लागलं.

"हं," ते म्हणाले. त्या घरात याहून मोठं प्रमाणपत्र कुणाला मिळालं नव्हतं.

"पण आबा, आपण तिरुपतीला गेलोच नाही," शौर्य म्हणाला.

"तू गप ऱ्हायचं."

"कुणी विचारलं तर?"

"इचारलं की पाणी आणायला जायचं."

मंगळवारी उजाडताच सारजाबाई शेजारच्या सुनेच्या स्कूटीवर ओझरला गेल्या. देवाच्या कानावर एकदा घालून पटकन येते, म्हणाल्या. पण मंगळवारी तशीच इच्छा पुष्कळांची असते. दर्शनाची रांग हलेना, आणि इकडं पाहुणे ठरल्या वेळेआधी दारात.

पुढं मुलीचे वडील भगवंतराव, हातात पेढ्यांचा बॉक्स. मागं मुलीचे मामा रखमाजी आणि तेजस्विनी. ओतूरच्या आसपास कुणाकडं दुःखद काही घडलं, की पुढच्या रांगेत रखमाजी मामा बसलेले असायचेच. त्यांना त्यातलं सगळं कळायचं. त्यांनी फाटकातून ओट्यावर बघितलं. एका ओळीत तीन ताजी डोकी, बापाची मिशीसुद्धा साफ. मामांनी भगवंतरावांच्या कोपराला चिमटा काढला. पेढ्यांचा बॉक्स गाडीत परत गेला.

सगळे बसले. पाहुणे माना खाली घालून, आणि यजमान, पाहुणे डोक्यांबद्दल कधी विचारतात याची वाट बघत. प्राचीनं पोहे आणले.

"नको पोरी," रखमाजी म्हणाले. "आज काय नको."

प्राचीनं आदेशकडं बघितलं. आदेशनं ताटल्यांकडं बघितलं. मागल्या वर्षांत सहा घरांनी येऊन त्याला नकार दिला होता, पण पोहे सगळ्यांनी खाल्ले होते.

"कवा झालं?" रखमाजींनी हळूच विचारलं.

कुंडलिकराव तयारच होते. "चार दिस झालं. तिरुपतीला."

"तिरुपतीला!" रखमाजींनी हात जोडले. "देवाच्या दारात. भाग्य लागतं."

"भाग्यच म्हणायचं."

"समदं तिथंच उरकलं?"

"तिथंच. लई सोय हाय. रांगंत बसायचं, नंबर आला की पाच मिन्टात मोकळं."

रखमाजी खुर्चीत पुढं सरकले. "त्याला बी रांग?"

"मरणाची गर्दी, पावणं."

भगवंतरावांना राहवेना. "आमाला एक फोन करायचा. आमी आलो असतो."

"तुमी कशाला, राव? आमी तिघांनीच उरकलं."

रखमाजींनी घरातली माणसं मनात ताडून बघितली. बाप आहे, लेक आहेत, सून आहे, नातू आहे. मालकीणबाई दिसत नाहीत. ते मान हलवत म्हणाले, "लई भली बाई. पयल्यांदा बोलणी घिऊन आलो तवा त्यांच्या हातचं पिठलं खाल्लं, अजून जिभंवर हाय."

"भली हाय," कुंडलिकराव म्हणाले. "पर तापट."

"आता ते इसरायचं, भाऊ."

"इसरून कसं चालंल? आत्ता येईल ती. मोदक घिऊन."

रखमाजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाटतं तसं. पयले दिस असंच वाटतं."

भगवंतरावांनी रुमाल डोळ्यांना लावला, आणि नेमकी तेव्हाच फाटकाशी स्कूटी थांबली. "आलं का पावणं? आन् पोहे तसंच? सुनबाई, लिंबू पिळलं न्हाई वाटतं!" असं म्हणत मालकीणबाई स्वतः अंगणात उतरल्या. रखमाजी असे उठले, की त्यांची खुर्ची ओट्याखाली गेली.

मग जो गलका झाला, त्यात कोण कुणाला काय सांगत होतं हे सांगता येणार नाही. आपण मेलो होतो, हे सारजाबाईंना तीन वेळा ऐकून कळलं, आणि कळल्यावर त्यांनी रखमाजींकडं ज्या नजरेनं बघितलं, त्यानं तापट हा शब्द सगळ्यांना पटला. गप्प फक्त तेजस्विनी होती. ती आल्यापासून माणसांकडं नाही, डोक्यांकडं बघत होती.

"हे तिरुपतीचं काम नाही," ती म्हणाली. गलका थांबला. "कुणी केलं?"

कुंडलिकरावांनी घाईनं सांगितलं, "शौर्या, पाणी आण."

"आणतो," शौर्य म्हणाला. "त्यांनी विचारलंय ते आधी सांगतो. मी केलं." आणि त्यानं मानेपासून मिशीपर्यंत सगळं क्रमानं सांगितलं. माझा हात हलला, हेसुद्धा. तो का हलला, तेवढं राहिलं.

ते आदेशनं सांगितलं. लाजाळू माणूस, पण बोलला. "आबा वरडलं म्हणून हात हलला. त्यानं मला आधीच सांगितलं व्हतं, कान येत न्हाईत. बघा ना, कान शाबूत हायेत."

तेजस्विनी हसली. सकाळपासून त्या ओट्यावर हसलेलं ते पहिलं माणूस. ती उठली आणि गिऱ्हाईक तपासावं तशी तिघांच्या मागून फिरली. "हे पहिलं. हे दुसरं. आणि हे शेवटचं," कुंडलिकरावांच्या डोक्यापाशी थांबून ती म्हणाली. "यात काही काढायला जागाच नाही. एका संध्याकाळीत एवढा हात बसला?"

"हो," शौर्य म्हणाला. "डोकी होती ना."

तेजस्विनी परत येऊन आपल्या खुर्चीत बसली. मग वडिलांकडं न बघता म्हणाली, "मी पहिल्यांदा आईच्या केसांना कात्री लावली, तेव्हा घरातल्या सगळ्या कात्र्या कुलपात गेल्या. पार्लरचा कोर्स मी मावशीकडं राहते असं सांगून केला." भगवंतराव फरशीवरची नक्षी बघू लागले. "इथं पोरानं पहिलं डोकं बिघडवलं, तर त्याला दुसरं दिलं. मग तिसरं."

डोकी कशासाठी दिली होती, हे ओट्यावरच्या तिन्ही डोक्यांना ठाऊक होतं. पण खरं बोलायचं काम त्या सकाळपुरतं शौर्यनं करून टाकलेलं होतं. कुंडलिकरावांनी मिशीवर हात फिरवायला नेला, ती नव्हती, म्हणून हनुवटीवर फिरवला. "आमच्यात पोरांना मोकळीकच असती," ते म्हणाले. "पयल्यापास्नं."

आत स्वयंपाकघरात प्राचीला जोराचा ठसका लागला.

"माझं घर बघून झालं," तेजस्विनी म्हणाली. "मला पसंत आहे. फक्त लग्न यांचे केस आल्यावर." आदेशचा हात केस सारखे करायला डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला. भगवंतराव उठून गाडीकडं गेले आणि पेढे घेऊन आले. पोहे पुन्हा गरम झाले, लिंबू पिळलं गेलं.

खाऊन झाल्यावर तेजस्विनीनं शौर्यला जवळ बोलावलं. "कान येत नाहीत म्हणालास?"

"नाही. शिकायचेत."

तिनं पर्समधून कात्री आणि कंगवा काढला. "चल, दाखवते. डोकं लागेल पण."

घरची डोकी आता कामाची नव्हती. बैठकीत केसवाले पुरुष दोनच उरले होते. भगवंतराव तेवढ्यात पेढे वाटायला आत पळाले. रखमाजी मामांनी दोन्ही हातांनी टोपी हळूच कानापर्यंत ओढली.

"काढा ती," सारजाबाई म्हणाल्या. "मला जित्तेपणी पोचवलंत, आता पोराचं एवढं काम तरी करा."

रखमाजी बसले. शौर्यनं त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल नीट गुंडाळला, आणि रिवाजाप्रमाणं वाकून त्यांच्या कानाशी म्हणाला, "मामा, आधीच सांगतो. हे मला अजून येत नाही."

कात्री उघडली. मागून कुंडलिकरावांनी ओरडायला तोंड उघडलं. सारजाबाईंनी त्यात ओझरचा मोदक घातला.