आजींचा गुरुवारचा कोल्टन

शहरात जाऊन चर्चच्या मंडळीपासून तुटलेल्या तरुणांसाठी पास्टर ब्रेट यांनी दर गुरुवारी संध्याकाळी ऑनलाइन प्रार्थना सुरू केली, आणि पहिल्या गुरुवारी एकही तरुण आला नाही. दुसऱ्या गुरुवारीही नाही. मंडळीच्या पंचांनी सांगून टाकलं, ईस्टरपर्यंत कुणी येत नसेल तर हे थेर बंद.

हे ऐकून आर्डिस आजी धास्तावल्या. त्यांचा नातू कोल्टन मिनियापोलिस शहरात गेल्यापासून चर्चची पायरी चढला नव्हता. त्यावरून आजी त्याला एकदा चारचौघांत नको ते बोलल्या, आणि तेव्हापासून त्याचा फोन आला तरी बर्फ किती पडला याच्यापुढे जात नसे. आता हेही दार बंद झालं आणि उद्या पोराला यावंसं वाटलं, तर तो येणार कुठून? आजींनी त्याला प्रार्थनेची लिंक पाठवून पाहिली होती. उत्तर नव्हतं.

मग पुढच्या गुरुवारी, पास्टरांना निदान एक डोकं तरी दिसावं म्हणून, आजींनी कोल्टननं जाताना दिलेला जुना टॅब उघडला. कॅमेरा कसा लावतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. टॅबमध्ये नाव अजून नातवाचंच आहे, हेही ठाऊक नव्हतं.

"कोल्टन! अरे, ये ये!" पडद्यावर पास्टर खुर्चीतून अर्धे उठलेच. "तुला कल्पना नाही, मला किती बरं वाटलं!"

इतक्या आनंदात असलेल्या माणसाला खरं सांगणं आजींच्या जिवावर आलं. त्यांनी एका बोटानं टाइप केलं, "मलाही."

त्याच्या पुढच्या गुरुवारी आणखी एक नाव उगवलं. म्यूरिएल. कॅमेरा बंद. "मी म्हातारी आहे, चालेल ना?" असं तिनं लिहिलं. पास्टरांना आता काहीही चालत होतं. आजींना मात्र मुळीच चाललं नाही. तरुणांच्या प्रार्थनेत या बयेचं काय काम?

रविवारी उपासनेनंतर पास्टरांनी भर मंडळीत आजींचा हात धरला. "आजी, तुमचा कोल्टन दर गुरुवारी येतो! बोलला नाही तुम्हाला?"

"तो मेला कुठं काय सांगतो," आजी म्हणाल्या.

बायकांनी आजींना मिठ्या मारल्या. पंच म्हणाले, असं असेल तर ईस्टरच्या जेवणाला पोरगा आमच्या डोळ्यांना दिसू दे. पास्टरांनी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी पास्टरांनी विचारलं, "कोल्टन, रविवारी येतोयस ना?" आजींचं बोट हवेतच राहिलं. तेवढ्यात म्यूरिएलनं लिहिलं, "माझाही नातू यायचा थांबलाय. त्याला वाटतं, आजी बोलेल."

आजी तिच्यावरचा राग विसरल्या. "त्याला म्हणावं, ये बाबा. आजी एक अक्षर बोलणार नाही. चूक तिचीच होती." मग आपण कोण आहोत हे आठवून त्यांनी घाईघाईनं जोडलं, "आमच्या वयाच्या पोरांना कळत नाही हे."

ईस्टरला चर्चच्या तळघरात आजी ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश वाढत होत्या आणि पास्टरांना खरं कसं सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होत्या. एवढ्यात दार उघडलं आणि कोल्टन आत आला. दाढी वाढलेली, पण तोच.

पास्टरांनी त्याला कडकडून मिठी मारली. पंचांनी त्याला नीट पाहून घेतलं, माना डोलावल्या आणि पुन्हा आपापल्या प्लेटीकडे वळले. कोल्टन प्लेट घेऊन आजींसमोर उभा राहिला.

"तू कसा काय आलास रे?" आजी पुटपुटल्या.

"तू म्हणालीस ना, एक अक्षर बोलणार नाही."

"मी कधी म्हणाले?"

"आजी, तू लिंक पाठवलीस. कितीतरी दिवस नुसता बघत होतो तिच्याकडे. शेवटी हिय्या करून आत आलो, तर मी आधीच येऊन बसलेलो! मग काय करणार? म्यूरिएल झालो."

आजींचे डोळे भरून आले. "म्हणजे ती आगाऊ बया..." पण एक अक्षर बोलायचं नव्हतं, म्हणून त्या थांबल्या.

तिकडे पास्टरांनी चमच्यानं पेला वाजवला. "मंडळी, पुढच्या रविवारी आपल्या म्यूरिएलबाईंनाही जेवायला बोलावूया!" पंचांनी टाळ्या वाजवल्या.

कोल्टनचा चेहरा उतरला. "आता गं?"

आजींनी त्याच्या प्लेटीत आणखी एक डाव वाढला. "आता काय? जेव पोटभर. पुढच्या रविवारी तुला यावंच लागणार."