काट्यावर अडकलेले मामा

पिपरी मेघेच्या सभागृहात दिपालीचं साक्षगंध होतं आणि सगळं खोळंबलं होतं ते श्रावणमामांसाठी. हे नवरदेवाचे, म्हणजे धीरजचे मामा. होणाऱ्या सासूबाईंनी, कमलाबाईंनी, आल्या आल्याच सांगून टाकलं होतं, "माहा भाऊ आल्याबिगर पोरीले कुंकू लागनार नाई." या भावाची एक अटही होती. लग्नानंतर पोरीनं कम्प्युटरचं काम बंद करायचं. दिपालीला धीरज मनापासून आवडला होता आणि कामही मनापासून आवडत होतं. त्यामुळे मामा आले तरी पंचाईत आणि न आले तरी पंचाईत.

तेवढ्यात तळेगावच्या वजनकाट्यावर काम करणाऱ्या तानबाचा फोन आला. त्या काट्याचा प्रोग्राम दिपालीनेच लिहिलेला. नव्या बांगड्या सावरत तिने फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, लाईन गेलती. आता आली, पन काटा उठूनच नाई राह्यला. संत्र्याची गाडी काट्यावर उभी आहे, मांगं रांग लागली."

"कोनाची गाडी?"

"आष्टीच्या श्रावणभाऊची. ते म्हनते, मले साक्षगंधाले जाचं आहे."

सभागृहातल्या सगळ्या माना फोनकडे वळल्या.

काट्याच्या कम्प्युटरवर पडद्याआड एक सेवा कायम चालू असते. काट्यावरचं वजन वाचायचं आणि पावतीपर्यंत पोचवायचं, एवढंच तिचं काम. ती झोपली की दिपालीचा प्रोग्राम तिला उठवतो आणि नाहीच उठली तर एररचा नंबर दाखवतो. नुसत्या नंबरावरून तानबाला काही उमजेना, म्हणून दिपालीने प्रत्येक नंबराचा अर्थ आपल्या बोलीत लिहून टाकला होता. घोळ झाला तो तिथेच.

"स्क्रीनवर काय दिसते?"

"पाच नंबर. 'हे तुह्या हातचं नाई, मालकाले बोलाव.' म्हनून मालकाले घरून आनलं. ते कवाचे स्क्रीनसमोर उभे आहे."

पाठोपाठ काट्याचे मालक प्रभाकरराव बोलले, "दिपाली, मी आलो आहे. सांग त्याले."

"काका, नुसतं उभं राहून तो नाई ओयखत. तुमच्या नावानं आत शिरा, मंग चालू करा."

प्रभाकरराव आपल्या नावाने आत शिरले. पाच नंबर गेला आणि दुसराच आला.

"एक हजार एकोनसत्तर," तानबाने वाचलं. "'चाबी बदलली कोनंतरी.' चाबी तं माह्या कमरेलेच आहे, ताई."

दिपालीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "काका, पासवर्ड बदलला काय?"

"सकायीच," प्रभाकरराव जरा ओशाळून म्हणाले. "पेपरात आलतं, बदलत जा म्हनून."

सेवा चालायची ती प्रभाकररावांच्याच नावावर आणि त्यांनी पासवर्ड बदलल्याचा तिला पत्ताच नव्हता. दिपालीने पाटामागची पिशवी ओढून लॅपटॉप काढला. तिची आई शोभाबाई दबक्या आवाजात म्हणाली, "आजच्या दिवशी तरी राहू दे वो ते." धीरजने आपल्या मोबाईलचं नेट सुरू करून दिलं.

"काका, नवा पासवर्ड सांगा."

"सगळे आयकून राह्यले असन."

"मंग मामा तिथंच जेवतीन."

"पंचफुला," प्रभाकरराव पुटपुटले.

"बायकोचं नाव दिसते," मागून एक बाई म्हणाली.

"म्हशीचं आहे," तिकडून उत्तर आलं.

दिपालीने लॅपटॉपवरूनच सेवेला नवा पासवर्ड शिकवला आणि पुन्हा उठवायला घेतलं. पाटाभोवती सगळं वऱ्हाड गोळा झालं होतं.

"काय आलं?" कमलाबाईंनी विचारलं.

"शून्य."

कमलाबाईंनी कपाळाला हात लावला. "शून्य? मंग झालं वाटोळं."

"नाई हो काकू. शून्य म्हंजे एकबी चूक नाई."

फोनमधून पावती छापल्याची किरकिर ऐकू आली आणि त्यामागून मामांचा आवाज, "निघालो म्हना." सभागृहात टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या प्रोग्रामला टाळ्या पडलेल्या पाहून दिपालीला भरून आलं.

दुपार कलल्यावर मामा पोचले. पाणी पिऊन बसतात न बसतात तोच कमलाबाईंनी विषय काढला, "भाऊ, ते कामाचं बोलून घे. लग्नानंतर बंद करायचं न?"

मामांनी दिपालीकडे पाहिलं, मग तिच्या लॅपटॉपकडे. सकाळभर काट्यावर उभं राहून त्यांनी ती स्क्रीन चांगलीच वाचली होती.

"पाच नंबर," मामा म्हणाले.

"म्हंजे?"

"हे आपल्या हातचं नाई, कमले. मालकाले बोलाव."

सगळ्यांनी धीरजकडे पाहिलं. धीरजने दिपालीकडे बोट दाखवलं.

"काम चालूच राहीन," दिपाली म्हणाली.

"मंग शून्य," मामांनी निकाल दिला आणि कुंकवाचा करंडा बहिणीपुढे सरकवला.

या वेळी शून्य ऐकून कमलाबाईंचा हात स्वतःच्या कपाळाकडे गेला नाही. तो दिपालीच्या कपाळाकडे गेला.